कंच्या नदीच्या पल्याड?

नामपल्लीच्या स्टेशनावरून गाडी सुटेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, असं आम्हा उभयतांचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी ठरवलं होतं. मी पाळत होतो. मधे बसलेली आमची अकरा वर्षांची कमल दोन्हीकडचे निरोप पोचवत होती. "बाबा, आई म्हणते सुरई खिडकीपाशी ठेवा." "आईला सांग, ठेवली." गाडी हलली, आणि सुरईही. पाणी माझ्या धोतरावर सांडलं, तेव्हा कुठं मंडळींच्या, म्हणजे सौभाग्यवतींच्या, चेहऱ्यावर हसू आलं आणि बोलणं सुरू झालं.

भांडणाचं कारण घर. गेली सोळा वर्षं आम्ही हैदराबादेत मुसी नदीच्या दक्षिणेला, जुन्या शहरात, शहाअलीबंड्याजवळ राहत होतो. घर अंधारं, जिना मोडका. पण दारापासून साठ पावलांवर चहाचं हॉटेल आणि शेजारी हकीमसाहेब. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला की ते मला हरवत आणि वर माझी नाडी पाहून "आप की हार में बलग़म का दख़ल है" (तुमच्या हरण्यात कफाचा हात आहे) असं निदान करत. असा शेजार सोडून कोण जाईल?

मंडळींचं म्हणणं, आपण जावं. नदीच्या उत्तरेला, गवळीगुड्यात, दोन उजेडाच्या खोल्या मिळत होत्या आणि चार घरं पलीकडं मुलींची मराठी शाळा होती. कमल सरकारी उर्दू शाळेत शिकत होती. उर्दू अशी फाडफाड वाचायची की हकीमसाहेब तिच्याकडून रोजचा अख़बार वाचून घेत. मराठी मात्र ती दगडगोट्यांतून चालल्यासारखी वाचायची. "पोरगी उद्या सासरहून पत्र पाठवील, ते मी कुणाकडून वाचून घ्यायचं?" हा मंडळींचा सवाल. मी सोळा वर्षांच्या सवयीनं "बघू" म्हटलं. घरमालकानं पौषी पौर्णिमेपर्यंत खोल्या राखून ठेवायचं कबूल केलं होतं. त्यानंतर त्या दुसऱ्याच्या.

शेवटी तडजोड निघाली. कुलस्वामिनी तुळजापूरची; तिलाच विचारावं. तिथून पुढं माकणीला माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, चार दिवस जाऊन यावं. अक्काला कळवायचं काम मी आळसानं कमलवर सोपवलं. तिनं तिच्या सवयीच्या लिपीत, म्हणजे उर्दूत, चार ओळींचं कार्ड लिहून टाकलं. मी न वाचताच पेटीत टाकलं.

वाडीला गाडी बदलून सोलापूर गाठलं. सोलापुरात मंडळींनी दोन चादरी घेतल्या. पुढं मोगलाईची (निजामाच्या राज्याची) हद्द, आणि हद्दीवर करोडगिरीचा (जकातीचा) नाका. नवा माल दिसला की तिथं पंचाईत. म्हणून मंडळींनी एक चादर स्वतः पांघरली आणि दुसरी मला पांघरवली. भर दुपारी, लढाईच्या टंचाईमुळं कोळशावर चालणाऱ्या त्या मोटारीत, भट्टीशेजारच्या बाकावर मी चादर लपेटून बसलो. नाकेदारानं आत डोकावून विचारलं, "क्या साब, इत्ती धूप में चद्दर?"

"बुख़ार है," मी म्हणालो.

"अरे रे! ठैरो."

तो भला माणूस आत गेला, कोयनेलची (हिवतापावरची कडू) गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन आला, आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलला नाही. जीभ संध्याकाळपर्यंत कडू होती. मंडळी खिडकीतून बाहेर पाहत होत्या; त्यांचे खांदे हलत होते.

तुळजापूरच्या घाटात मोटारीनं दम तोडला आणि आम्हाला खाली उतरवलं. वर पोचलो ते पायीच. मागं सोलापूरच्या बाजूचं सपाट रान, ज्वारीनं हिरवंगार. पुढं डोंगराच्या काठावर वसलेलं गाव, कवड्यांच्या माळा, हळदीकुंकवाचे ढीग, आणि हवेत पोताच्या (देवीपुढं नाचवायच्या पलित्याच्या) तेलाचा वास. उतरलो आमच्या भोप्यांच्या (पुजाऱ्यांच्या) घरी. त्यांनी वही काढून माझ्या पणजोबांचं नाव दाखवलं, आणि "तुमच्याकडचं लई दिसात कुणी आलं न्हाई" म्हणून आधी मला चार शब्द सुनावले आणि मग बेसन-भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झालं. देवळात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनातलं विचारायचं. उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही, आणि जागचा हलला नाही तर काम लांबणीवर. मी हात ठेवले. मंडळी मागं उभ्या. "मनात नको, मोठ्यानं विचारा," त्या म्हणाल्या. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या मनाची त्यांना पुरती ओळख झाली होती.

"आई, नदीपल्याड राहायला जाऊ का?" मी विचारलं.

आता हे कुणाला सांगितलं नव्हतं ते लिहून टाकतो. मी डाव्या हातानं किंचित जोर दिला. अगदी किंचित, हकीमसाहेबांचा ओटा डोळ्यांसमोर आला तेवढाच. दगड क्षणभर थांबला, आणि मग सरळ उजवीकडं फिरला. माझे हात त्याच्याबरोबर गेले.

"दिला उजवा!" भोपे म्हणाले. मंडळींनी पदर डोळ्यांना लावला. मी देवीची मनातल्या मनात माफी मागितली आणि बुद्धिबळाच्या पटाला रामराम ठोकला.

तुळजापुराहून मोटारीनं फाट्यापर्यंत आलो. तिथं बैलगाडी घेऊन कासीमचाचा उभे. हे माकणीचे पिंजारी (कापूस पिंजणारे). लहानपणी त्यांच्या धनुकलीच्या आवाजावर मी झोपलेला. दाढी आता त्यांच्याच कापसासारखी झाली होती.

"बेस केलंत दत्तूभाऊ," बैल हाकता हाकता ते म्हणाले. "कधी ना कधी मानूस घराकडं वळतंयच."

"हो, चार दिवस—"

"चार गाद्या पिंजल्यात तुमच्यासाठी. नवा कापूस. अक्का म्हनल्या, भाऊ कायमचा येतोय, जुन्या गाद्या चालायच्या न्हाईत."

मी मंडळींकडं पाहिलं. मंडळींनी कमलकडं पाहिलं. "कार्डात काय लिहिलं होतंस गं?" मी हळूच विचारलं.

"जो घर में बोल रहे थे," कमल म्हणाली. "हम लोगां नद्दी पार रहने को जा रहे हैं. आने के बाद सब बताएँगे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माकणीत 'नदी' म्हटलं की तेरणा. दुसरी नदी जगात असेल, पण ती माकणीच्या ऐकण्यात नाही. आणि तेरणेच्या पल्याड काय? आमचं वडिलोपार्जित रान आणि रानातलं दोन खणांचं घर. कासीमचाचांनी कार्ड वाचून दाखवलं, अक्कानं ऐकलं, आणि गावभर झालं की दत्तू हैदराबादची नोकरी सोडून रानात राहायला येतोय.

"बघा," मंडळी पुटपुटल्या, "पोरीनं मराठीत लिहिलं असतं तर हे झालं असतं का?" मराठीतही तिनं 'नदी'च लिहिलं असतं, हे मला सुचलं होतं. पण कोयनेलनंतर मी बोलण्याच्या बाबतीत जपून होतो.

तेरणेला गुडघाभर पाणी होतं. गाडी उतारातून पलीकडं गेली आणि ज्वारीच्या रानामागं ते घर दिसलं. भिंतींना नवा चुना, अंगण सारवलेलं, दारात नवं तुळशीचं रोप. दाराच्या वर गेरूनं काहीतरी लिहिलेलं. अक्का उंबऱ्यात उभी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो; मला हिनं वाढवलं. नवरा गेल्यावर हे रान ती एकटी बघत होती. तिच्या हातांना कोपरापर्यंत चुन्याचे पांढरे डाग होते. हिला कसं सांगायचं?

तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आलास? ये. लई वाट बघाय लावलीस."

तिन्हीसांजेच्या आधीच आगटी पेटवली. अक्का कणसं निखाऱ्यात खुपसायची, कासीमचाचा ती तळहातांवर चोळून कोवळा हुरडा पाडायचे. सोबत तिळाची चटणी, गूळ आणि दही. मी तोंड भरलेलं ठेवत होतो. भरल्या तोंडाला बोलावं लागत नाही. मंडळींनी मला दोनदा कोपर मारलं. "तुम्ही सांगा." "तू सांग." "बहीण कुणाची?"

"अक्का," मी सुरुवात केली, "नद्या काय, पुष्कळ असतात."

"असत्याल. आपल्याला एक पुरं."

"म्हणजे हैदराबादेतसुद्धा एक नदी आहे."

अक्काचा हात निखाऱ्यावर थांबला. चाचांनी चोळायचं थांबवलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: मुसी, गवळीगुडा, खोल्या, पौर्णिमा.

कणीस करपायला लागलं, ते अक्कानं बाहेर ओढलं.

"मंजी हिथं न्हाई येनार."

"नाही अक्का."

"देवीला इचारलंस?"

"उजवा दिला."

"काय म्हनून इचारलंस?"

"नदीपल्याड राहायला जाऊ का, असं."

"कंच्या नदीच्या?"

मी हुरड्याची मूठ तोंडात टाकली. अक्काचे डोळे चमकले. "देवी हितली. तिला तुजी मुसी-फिसी काय ठावं? तिनं तेरनाचंच सांगितलंय! काय वो कासीमभाई?"

"बराबर हाय," चाचा म्हणाले. "भवानीआई हैदराबादला कवा गेलीय?"

मंडळींचा चेहरा उतरला. देवीनं दिलेला हुकूम असा शब्दावरून हातचा जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मी डावीकडं दिलेला जोर तर आता कोणत्या नदीच्या खात्यावर धरायचा, हेही मला कळेना.

"ते ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. विषय बदलायला म्हणून तिनं कमलला जवळ ओढलं आणि दारावर बोट दाखवलं. "बग बाय, पटवाऱ्याकडनं तुज्यासाठी लिवून घेतलंय. मला काय वाचाय येत न्हाई, पर रोज बगते. वाच की."

कमल उठली. दारापाशी गेली, मान वर केली, आणि उजवीकडून बोट ठेवत एकेक अक्षर जुळवलं.

"ल... म... क. लमक." मग वळून विचारलं, "आत्या, लमक म्हणजे काय?"

कासीमचाचांना आधी हसू फुटलं, मग मला. मंडळी हसल्या नाहीत. अक्काही नाही. तिनं दाराकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"सोताचं नाव वाचंना व्हय गं ही?" ती हळू म्हणाली.

"तेवढ्यासाठीच जायचं आहे, अक्का," मंडळी म्हणाल्या. सगळ्या भांडणात त्या इतक्या हळू आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. "तिथं शाळा आहे."

अक्कानं गरम कणीस एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "म्या अंगठा उठवते ती उठवते. हिनं कशापायी अडावं?" मग माझ्याकडं बघून, लहानपणी मला उठवायला वापरायची त्याच आवाजात म्हणाली, "जा बाबा. जा तुज्या नदीच्या पल्याड."

"आणि देवी?"

"तिनं नाव घेतलं न्हाई ना कंच्या नदीचं? मग दोनी नद्यांचं सांगितलंय. साळंला सुट्टी लागली की ह्या नदीच्या पल्याड यायचं. चुना काय फुकट लावला न्हाई म्या." आणि चाचांना म्हणाली, "त्या गाद्या ऱ्हाऊ द्या. एक तेवढी द्या ह्येंच्यासंगं."

चार दिवस आम्ही त्या घरात राहिलो. कमल रोज सकाळी दारापुढं उभी राहून आपलं नाव डावीकडून वाचायची. तिसऱ्या दिवशी न अडता वाचलं, तेव्हा अक्कानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. परतीच्या नाक्यावर तोच नाकेदार भेटला. मोटारीच्या टपावरची गादी पाहून म्हणाला, "साब, बुख़ार उतर गया?" मी मान हलवली. त्यानं गादीकडं पाहिलं, चादरींकडं पाहिलं, आणि मिशीत हसला. त्याला पहिल्या दिवशीच सगळं कळलं होतं, असा माझा दाट संशय आहे.

पौर्णिमेच्या आधी दोन दिवस आम्ही घरमालकाला होकार दिला. घर हलवायला एक गाडी पुरली. सोळा वर्षांचा संसार एका गाडीत मावतो आणि तरी माणूस हलायला सोळा वर्षं लावतो, याचं मला नवल वाटलं. नव्या घरी उजेड इतका की माझ्या खुर्चीचे फाटलेले वेत सगळ्यांना दिसू लागले. हकीमसाहेब आता दर शुक्रवारी पूल ओलांडून येतात. मी दुःख केलं, तेव्हा म्हणाले, "मियाँ, नदी है, समंदर तो नहीं." हरवतात तसंच. कफाचा दोष मात्र नदी ओलांडूनही गेलेला नाही.

परवा कमलनं अक्काला पहिलं मराठी पत्र लिहिलं. त्यात तिनं काळजीपूर्वक 'मुसी नदीच्या पल्याड' असं लिहिलं, आणि खाली उर्दूत दोन ओळी कासीमचाचांसाठी. नाहीतर पत्र पटवाऱ्याकडं गेलं म्हणून ते रुसतील, असं तिचं म्हणणं. आठ दिवसांत उत्तर आलं. अक्षर पटवाऱ्याचं, बोलणं अक्काचं:

"नदीपल्याडचं घर सारवून ठेवलंय. साळंला सुट्टी कवा हाय ते कळीव. नदीचं नाव लिवत न्हाई. तुला ठावं हाय."

कमलनं ते एका दमात, न अडखळता वाचून दाखवलं. मंडळींनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीतून उठलो आणि सुट्टी कधी आहे ते विचारायला शाळेकडं निघालो. चार घरं तर चालायचं.