तिकडची वीज, इकडची वीज

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात किस्से साठतातच. रेडिओ मालक घेऊन जातो, किस्सा आपल्याकडं राहतो. सत्तरच्या दशकात रहिमतपुरात माझं आणि तात्यांचं असं दुकान होतं. तात्या फौजेत सिग्नल विभागात, वायरलेसवर होते. परदेशातून आलेली वस्तू बिघडली, की आमच्याकडं यायची.

महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला अमेरिकन पाहुणीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला. एकशेदहा व्होल्टचा ड्रायर, लावला आपल्या दोनशेतीसवर.

"इमानागत वरडला आन् गप झाला," तो म्हणाला. "बाई म्हनत्यात, घरी त्याला एवढा जोर कवाच नव्हता."

*

तात्या लेकीकडं लंडनला जाऊन आले, ते खिशात तिकडचा प्लग घेऊनच. तीन चौकोनी पायांचा. गिऱ्हाईक आलं की बाहेर काढायचे.

"ह्यो लांब पाय आत गेल्याबिगर भिंतीतल्या सॉकेटची बाकीची दोन भोकं उघडतच न्हाईत. आत पडदा हाय. पोरानं तार घातली तरी शॉक न्हाई." मग प्लग तळहातावर ठेवून बघत राहायचे. "ज्यानं ह्यो केला, त्याला घरात ल्हान पोरं असनार."

*

वत्सलाआक्कांच्या मुलानं अमेरिकेहून मित्राबरोबर टेपरेकॉर्डर पाठवला. सोबत व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणि स्वतःचा आवाज भरलेली टेप. घरी लावली, तर आवाज जड, संथ. आक्का मशीन घेऊन दुकानात आल्या. दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

"त्यो आजारी हाय, तात्या. माझ्यापास्नं लपवतोय."

तात्यांनी टेप तीनदा ऐकली.

"पोरगं बरं हाय, आक्का. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेती, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हेलकावे वाढवत न्हाई. म्हनून मोटर हळू फिरतीया."

त्यांनी पितळेची बारीक नळी कातून घेतली आणि मोटरच्या दांड्यावर बसवली; दांडा जाड झाला, तशी टेप वेगात सरकायला लागली. तिसऱ्या दिवशी मशीनमधनं तरुण, चपळ आवाज आला, "आई, मी मजेत हाय."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. पूर्ण टेप ऐकली, हसल्या. आम्ही मशीन बांधून दिलं. त्या उठल्या आणि परत बसल्या.

"तात्या, ती नळी काढता येती का?"

"का वं आक्का? बिघडलं का काय?"

"न्हाई." त्या खाली बघत म्हणाल्या, "आधीचा आवाज ह्यांचा हुता."

आक्कांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. तात्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.