टाकीवरचा पोचा

माझा थोरला भाऊ अण्णा वीतभर लांबीची लष्करी मोटारसायकल बनवतो आहे. काल त्याने मोडक्या इअरफोनमधली केसाएवढी तार चिमट्यात धरून क्लचवायर म्हणून ओवली. मी समोर बसून जळत होतो.

खरी गाडी वडिलांनी फौजेच्या लिलावात घेतली होती. वाटणीत हट्ट धरून मी ती मिळवली आणि वर्षभरात विकली. माझं दुकान तिच्यावरच उभं राहिलं. अण्णा त्यावर कधी एक शब्द बोलला नाही, आणि हेच मला सलतं. भांडला असता, तर मी जिंकलो असतो. वस्तू ज्याच्या हाती असते त्याची, असं मी मानत आलो. आता ती त्याच्या हाताखाली परत येत होती, मला न विचारता.

“ही मला दे. बोल, काय घेशील?”

“विकायची नाही रे.”

“सगळं विकायचं असतं, अण्णा.”

“ते तुला ठाऊक.” तो हसला. मग पोचा उमटवायला सुई इवल्या टाकीवर टेकवून थांबला. “तो पोचा डावीकडे होता की उजवीकडे? शेवटी गाडी तुझ्याकडेच होती.”

मला आठवेना. गिऱ्हाईक त्याच पोच्यावर बोट ठेवून भाव पाडत होतं, तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.