न तुटणारे चार बोल्ट

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग अंगावर काटा येतो.

मी तेव्हा गेवराई तालुक्यात ठाणेदार होतो. गुजरातच्या बंदराकडे निघालेल्या एका ट्रकमधल्या पेटीचं सील तुटल्याची तक्रार आली. पेटीत लोखंडी जोड होता. भर समुद्रात जहाजात तेल भरायच्या जाड नळीला बसवायचा. स्टेशन डायरीत नोंद केली, पंचनामा केला. यादीप्रमाणे सगळे भाग जागेवर! चोरी नाहीच, तर गुन्हा कसला, म्हणून मी वैतागलो. जोड बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मात्र हटेना. "वादळाचे दिवस तोंडावर आलेत. याला कोणी हात लावला ते कळायलाच हवं," तो म्हणाला.

ड्रायव्हर एकच सांगत होता, "वाटंत कायबी झालं न्हाई." तेवढ्यात आमच्या खबऱ्याने कळवलं, की ट्रक दुपारभर उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मिस्त्रीच्या दारात उभा होता. मिस्त्रीला आणलं. दोन तास दरडावलं, पण तो हूं की चूं करेना.

शेवटी मी चहा मागवला आणि अंदाजानेच खडा टाकत सहज म्हणालो, "काम कुणाचंही असो, हात सफाईदार आहे. रंगसुद्धा हुबेहूब जुळवलाय."

गडी खुलला. "मंग! साहेब, गचका बसून पेटीचं सील उघडलं अन् आतला एक बोल्ट तुटलता. ड्रायव्हर रडकुंडीला आलता. बघितलं तर बाकीचे तीन बी लई कच्चे, मधून खाचा पाडलेले. असले बोल्ट उसाच्या ट्रॉलीला घातले तर ट्रॉली चढावरच सुटंल. म्या चारी पोलादी टाकले. आता बापजन्मात तुटायचे न्हाईत!"

इंजिनिअरने डोकं धरलं. "अहो मिस्त्री, ते तुटायलाच बनवलेत! वादळात जहाज ओढलं गेलं, की नळी फाटायच्या आत हा जोड सुटतो. दोन्हीकडची तोंडं आपोआप बंद होतात. नाहीतर तेल सांडतं, आग लागते, माणसं जातात."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "तिथं माणसं असत्यात?" एवढंच त्याने विचारलं आणि पाना मागून घेतला. चारी बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने काढले. ड्रायव्हरनेही मग सगळं कबूल केलं. इंजिनिअरने जोड तपासणीसाठी कारखान्यात परत नेला आणि ड्रायव्हरची नोकरी जाऊ दिली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

ऐन पावसाळ्यात इंजिनिअरचा फोन आला. खाचांचे नवे बोल्ट घातलेला तोच जोड वादळात बरोबर वेळेवर तुटला होता, सगळे सुखरूप होते. मी मुद्दाम मिस्त्रीकडे गेलो. "तुटला?" म्हणत त्याने हात जोडले आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

त्या दिवसापासून समोर बसलेल्या माणसाला मी आधी त्याच्या कामाबद्दल विचारू लागलो. गुन्ह्याबद्दल विचारलं की माणूस दडतो. आणि गप्प बसलेला प्रत्येक जण चोर नसतो, हे मला एका ट्रॉलीवाल्याने शिकवलं.