घसरलेली टिकली

रविवारी चर्चच्या पायरीशी चपला काढताना दोघी जावा माझ्या पुढ्यातच होत्या. थोरल्या सुमनवहिनी बाप्तिस्मा झाल्यापासून टिकली लावत नाहीत. धाकटी रेखा लावते. "देवाला काय टिकल्या मोजायच्यात?" म्हणते. गेल्याच आठवड्यात महिला मंडळात यावरून दोघींची चांगली जुंपली होती, म्हणून आम्ही बाकीच्या चोरून बघत होतो.

रेखाची टिकली घामानं भुवईवर घसरली होती. वहिनींनी तिची हनुवटी धरली, टिकली नखानं उचलली आणि जागेवर दाबून बसवली.

"लावू नये असं मला अजूनही वाटतं," त्या म्हणाल्या. "पण लावलीच आहेस तर नीट असू दे."

उपदेशात माझं लक्ष लागेना. ज्याची विवेकबुद्धी त्यालाच ठाऊक, हे खरंच. पण आपलं कपाळ आपल्याला कुठं दिसतं? ते कुणीतरी आपलंच माणूस बघतं. आम्ही मेल्या उलटंच करतो, कपाळ बघून काळीज ठरवतो.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. माझे उघडेच राहिले. वहिनींचा पदर डोक्यावरून ढळला होता. रेखा स्वतः चर्चमध्येही कधी डोक्यावर पदर घेत नाही. तिनं तो हलकेच उचलला आणि वहिनींच्या डोक्यावर सारखा केला.