हुंगून दिलेली गाडी

गिअरबॉक्सच्या त्या मिस्त्रीला सगळे नाकवाले म्हणत. नाक तसं काही मोठं नव्हतं, चारचौघांसारखंच, उलट जरा बसकंच. पण त्या बसक्या नाकावर त्यांनी गॅरेज उभं केलं, घर बांधलं आणि मुलीचं लग्न लावलं. ऑटोमॅटिक गाडी तापते म्हणून कोणी आलं की ते तेलाची डिपस्टिक ओढायचे, पांढऱ्या चिंधीवर पुसायचे, डोळे मिटायचे आणि चिंधी नाकाशी धरायचे. गिऱ्हाईक तोवर श्वास रोखून उभं. मग निकाल यायचा, तोही एका शब्दाचा. "चालेल." किंवा "जळलाय."

यात थोडं नाटक होतंच. वास घ्यायला डोळे कशाला मिटायला हवेत? पण नाटकाखाली विद्या खरी होती. गिअरबॉक्सचं तेल जुनं झालं की काळपट होतं आणि आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या तरी काळपटच होतं. रंग दोन्हीकडे सारखाच. फरक कळतो तो वासावरून. जळलेल्या तेलाला करपलेल्या दुधाचा वास येतो, आणि तो नाकवाल्यांना चिंधी हातभर लांब असतानाच यायचा. त्यांचे उस्ताद गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्यांना हात लावून बघायचे, तेल बादलीत काढून धार किती येते ते पाहायचे. नाकवाल्यांनी ते सगळं सोडून दिलं होतं. एवढं नाक असताना हात कोण काळे करतो!

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. आधी त्यांना सर्दी वाटली. एके दिवशी ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि शेजारी शेगडीवर दूध आटून, करपून, पातेलं काळं झालं. बायको अंगणातून धावत आली. "अहो, नाक गहाण टाकलंय का कुठे? अख्ख्या घरात धूर झालाय!" ते हसले, पेपरात डोकं होतं म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्यांनी रॉकेलची बाटली हुंगली, साबण हुंगला, कांदा हुंगला. सगळं सारखंच. पाणी हुंगावं तसं.

सांगायचं कुणाला? नाकवाल्यांचं नाक गेलं ही बातमी गॅरेजांच्या गल्लीत चहा निवायच्या आत पसरली असती, आणि लोक पोट धरधरून हसले असते. मग त्यांनी नाटक तेवढं चालू ठेवलं. गिऱ्हाईकाला बोलतं करायचं, रंग बघायचा, डोळे मिटायचे आणि अंदाज ठोकायचा. तक्रार घेऊन कोणी परत आलं नाही. तक्रार घेऊन परत यायला आधी गाडी परत यावी लागते, हा विचार मधूनच मनात यायचा. आला की ते काहीतरी जोरात ठोकायला घ्यायचे.

अशात मुलीचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. जावयाला घाटापलीकडच्या गावात नोकरी लागली होती. त्याची व्हॅन जुनी, ऑटोमॅटिक, आणि सामानासाठी मागे भाड्याचा ट्रेलर. गाडीत मुलगी, तिचं तान्हं बाळ आणि नाकवाल्यांची बायको. नव्या घरात मांडामांड होईस्तोवर आजीने सोबत राहायचं होतं. म्हणजे नाकवाल्यांचं या जगात जे काही होतं, ते सगळं त्या एका गाडीत बसणार होतं.

निघण्याआधी जावयाने गाडी गॅरेजात आणली. "बाबा, मागच्या खेपेला चढावर तेल तापल्याचा दिवा लागला होता. थांबलो, गार झाल्यावर विझला."

"ट्रेलर नसताना लागतो?"

"अजिबात नाही. नुसती गाडी मस्त पळते."

नाकवाल्यांनी जे सुचलं ते केलं. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसले होते, ते धुतले. पंखा पाहिला. तेल भरपूर होतं. मग चिंधी. तेल काळपट लाल. जुनं असेल. जळलेलंही असेल. जावई समोर हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की नाकवाल्यांना त्याच्याकडे बघवेना. बायको दहा पावलांवर बाळाला खांद्यावर थोपटत होती. तिला हाक मारायची आणि चिंधी पुढे करायची, एवढंच काम होतं. त्यांनी डोळे मिटले.

"चालेल," ते म्हणाले. "ओव्हरड्राइव्हचा वरचा गिअर तेवढा बंद ठेवा, जावईबापू. आणि घाई करू नका."

गाडी गेली. बाळाचा हात आजीने खिडकीतून हलवून दाखवला.

नाकवाले दुसऱ्या गाडीखाली शिरले. थोड्या वेळाने शेजारच्या टायरच्या दुकानातल्या बाई पाना मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"शी! काय करपवलंत, भाऊ?"

"कुठे काय?"

"कुठे काय काय म्हणता! डोकं उठलं की या वासाने." त्यांनी नाकाला पदर लावला आणि टेबलावरची चिंधी दोन बोटांत उचलली. "हे हो! हे टाका आधी बाहेर."

नाकवाले गाडीखालून निघाले ते डोकं आपटूनच. चिंधी त्यांनी हातात घेतली, नाकाशी दाबून धरली, तोंडात कोंबावी इतकी दाबली. काहीच नाही. पाना तसाच टेबलावर राहिला आणि ते गॅरेजच्या जुन्या पिकअपकडे धावले.

जावयाचा फोन वाजत राहिला. चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिस्त त्याला सासऱ्यांनीच लावली होती. थोड्या वेळाने मुलीला लावला, तर तो लागेचना. घाटात रेंज नसतेच. म्हणजे गाडी घाटात शिरली होती.

पुढे काय होणार हे त्यांना एखाद्या धड्यासारखं पाठ होतं, आणि म्हणूनच त्यांचा जीव टांगणीला लागला. आधी तेल तापेल. मग फुगेल, आणि गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या हवेच्या नळीतून बाहेर येईल. खाली सायलेन्सरचा पाइप लालबुंद झालेला असतो. आत चकत्या घसरायला लागतील, इंजिन ओरडेल आणि गाडी पुढे जाणार नाही. मागे ट्रेलर आहे, आणि ट्रेलरच्या मागे उतार.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर थेंब दिसायला लागले. आधी लांबलांब, मग जवळजवळ, मग एक सलग बारीक ओळ. नाकवाले मोठमोठ्याने बोलत होते. काय बोलत होते ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. बहुतेक पिकअपला शिव्या देत होते.

अर्ध्या चढावर, एका वळणात गाडी दिसली. ती आडवी झाली होती. ट्रेलर मागे सरकून त्याचं एक चाक कठड्याच्या तुटलेल्या भागाशी टेकलं होतं. जावई ब्रेकवर जवळजवळ उभा राहून रेस करत होता, इंजिन किंचाळत होतं, आणि गाडी जागची हलत नव्हती. खालून निळा धूर येत होता. मागच्या सीटवर तिघंही आतच होती. एवढं वळण पार केलं की झालं, असं त्याने त्यांना सांगितलं होतं.

"बंद कर! बंद कर ते!" नाकवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाला अरे-तुरे केलं. त्यांनी मागच्या चाकांखाली दगड सारले, दार ओढलं, बाळाला बायकोच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं, मग बायकोला, मग मुलीला बाहेर काढलं. तेवढ्यात गाडीखाली फस्स झालं आणि पाइपच्या कडेने वीतभर ज्वाळ उठली. पिकअपमध्ये फावडं होतं. ते माती मारत राहिले. ज्वाळ विझली तरी मारत राहिले. शेवटी जावयाने त्यांचा हात धरला.

मग सगळे रस्त्याच्या कडेला बसले. मुलगी रडत होती. बाळ मात्र मजेत आजीचं मंगळसूत्र ओढत होतं. बायको म्हणाली, "इथे श्वास घेववत नाही बाई," आणि बाळाला घेऊन चढाच्या वरच्या अंगाला जाऊन बसली. वारा वरून खाली येत होता, तिथे हवा स्वच्छ होती.

नाकवाल्यांनी बॉनेट उघडलं आणि उस्ताद करायचे ते केलं. कूलरच्या दोन नळ्यांना हात लावला. तेल आत नेणारी नळी इतकी तापली होती की बोट भाजलं. तेल परत आणणारी थंडगार. कूलर आतून चोंदला होता. तेल त्यातून फिरतच नव्हतं, तर गार होणार कुठून? नुसती गाडी कशीबशी निभावून नेत होती. ट्रेलर लावला की संपलं. इंजिन तापवून नळ्यांवर नुसता हात ठेवला असता तर गॅरेजातच कळलं असतं. जळलेलं बोट तोंडात धरून ते नळ्यांकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

"पण बाबा," जावई मागे येऊन म्हणाला, "सकाळी तर तुम्ही वास घेतला होता."

"सकाळी चांगलं होतं," नाकवाले म्हणाले. "चढावर जळलं."

खोटं इतक्या सहज निघालं की त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"मग तुम्ही आलात कसे?"

"मनाला चैन पडेना."

मुलगी रडता रडता हसली. "बघा! इतक्या लांबून वास आला बाबांना! काय नाक आहे!" जावयानेही मान हलवली. आता ही गोष्ट नव्या गावात जाणार, तिथून घरोघर फिरणार, नाकवाल्यांना घाटापलीकडून वास येतो म्हणून. त्यांनी काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. ते पाण्याची बाटली घेऊन बायकोकडे चालायला लागले. मुलगी आणि जावईही मागोमाग आले.

ते तिथे पोचले आणि खालच्या वळणातून आणखी एक जुनी व्हॅन वर आली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर दोराने बांधलेली कपाटं. गावातल्या सुताराची गाडी. पुढच्या सीटवर त्याची म्हातारी आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आडव्या गाडीला वळसा घालून सुताराने वेग धरला, नाकवाल्यांना ओळखलं आणि हॉर्न वाजवला.

"काय नाकवाले! तुम्ही चालेल म्हणालात आणि मस्त चालतेय बघा!"

"थांब!" नाकवाले ओरडले. सुताराला ते हात करताहेत असंच वाटलं. त्यानेही हात हलवला. गाडी त्यांच्या अगदी पुढून गेली, धूळ अंगावर आली, आणि ती वरच्या वळणाकडे चढू लागली.

ही गाडी गेल्याच आठवड्यात त्यांनी डोळे मिटून सोडली होती. तेल काळपट होतं. जुनं असेल. जळलेलंही असेल. बरी असेल तर तिला भर चढावर थांबवणं म्हणजे पाप. एवढं ओझं मागे असताना उभ्या चढावरून पुन्हा उठवायची म्हटली तर चांगला गिअरबॉक्सही जळतो. आणि बरी नसेल तर थांबवलीच पाहिजे, आता, वळणाच्या आत. उत्तर त्या हवेत होतं. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या नाकाला ते कळलं असणार, एका नाकवाल्यांना सोडून.

ते बायकोकडे वळले.

"आत्ता ती गाडी गेली," ते म्हणाले. "तिचा काही वास आला का तुला?"

"कसला वास?"

"करपलेल्या दुधासारखा."

मुलीने जावयाकडे पाहिलं. जावयाने सासऱ्यांकडे. बायको मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला शेगडी, पातेलं, पेपर, सगळं समजलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम उतरला.

"तुम्हाला नाही आला?"

"मला कसलाच येत नाही," नाकवाले म्हणाले. "थंडीपासून. सकाळीही आला नव्हता. तुम्हाला घाटात पाठवलं तेव्हाही."

मुलीने पुढे होऊन आईच्या हातातलं बाळ स्वतःकडे घेतलं आणि घट्ट धरलं, आणि ती बापापासून एक पाऊल मागे सरकली. नाकवाल्यांना ते पाऊल दिसलं.

"सांग ना," ते बायकोला म्हणाले. "आला का?"

"आला," ती म्हणाली. "चांगला नाकात बसला. अहो, मग उभे काय राहिलात? म्हातारी आहे त्या गाडीत! जा ना!"

ते पिकअपकडे धावले. खालच्या बाजूला जायचं, मग आडव्या गाडीला वळसा घालायचा, मग पुन्हा चढायचं. ते वर निघाले तेव्हा सुताराची गाडी शेवटची दिसली ती वरच्या वळणात शिरताना. तिचं इंजिन मोठ्याने ओरडत होतं, आणि गाडी मात्र हळूहळू मंदावत होती.