आक्का आणि परग्रहावरची फौज

माझी मुलगी विचारते, "पप्पा, ह्या गेममध्ये एवढं आहे काय?" खोटं कशाला सांगू, काहीच नाही. एक निळ्या चड्डीतला गडी, एक लाल चड्डीतला. दोघांच्या हातात बंदुका. उजवीकडं पळत सुटायचं, उड्या मारायच्या आणि परग्रहावरनं उतरलेल्या फौजेला गोळ्या घालायच्या. कुणाला धड तोंडसुद्धा नाही. मुलीच्या मोबाईलमधल्या गेमात गवताचं पातं न् पातं वाऱ्यानं हलतंय. तरी मागच्या महिन्यात खडे बाजारात टीव्हीला जोडायचं एक यंत्र दिसलं, आत जुने गेम भरलेलं, आणि चाळिशी उलटलेला हा बाप्या तिथंच खिळला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "भाजी आणायला गेलता न्हवं?" भाजी राहिलीच होती.

आमचं गाव खानापूरकडचं. काका गोव्यात कामाला होता, त्यानं एका गणपतीला व्हिडिओ गेम आणला आणि मी आणि माझी मोठी बहीण, आक्का, आम्ही कामातनं गेलो. टीव्ही काळा-पांढरा. निळा कोण नि लाल कोण, काय कळणार? दोघंही राखेच्या रंगाचे. म्हणून आक्का सुरुवातीलाच जागच्या जागी एक उडी मारायची आणि सांगायची, "ही मी. आता नीट बघ, न्हायतर मेल्यावर रडतोस." त्यात संध्याकाळच्या भाकऱ्या तिच्याकडं. तवा तापला की ती बटण दाबून गेम थांबवायची आणि उठायची. परग्रहाची अख्खी फौज हवेत तंगड्या वर करून लटकलेली, आणि आत आक्का भाकरी थापतेय. चार भाकऱ्या झाल्या की पिठाच्या हातानं परत लढाई सुरू. तेवढ्यात लाईट गेली की सगळं पहिल्यापासून.

तिसऱ्या टप्प्यात एक धबधबा होता. शाळेच्या सहलीला गोकाक बघून आलतो, म्हणून त्या टप्प्याचं नाव गोकाक. तिथं उड्या मारत वर वर चढायचं. पण पडदा एकच. वरचा भराभर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खालचा गडी काही चूक नसताना मरतो. म्हणजे शत्रूपेक्षा जोडीदाराचीच भीती जास्त. मी अधाशी. आक्का खालनं ओरडायची, "थांब रं, मी खाली हाय!" आणि मग माझा कान पिळायची.

तिचं लग्न नंदगडला झालं. शेतीवाडीचं घर, माणसं बरी. मी पुढं मच्छे गावातल्या एका कारखान्यात लागलो आणि खासबागला घर केलं. आक्का यायची ती आवाज करतच यायची. जिन्यातनंच बायकोला हाक, मला शिव्या, मुलीला चिमटा. गेल्या साली भाताच्या मळणीच्या वेळी दाजी खळ्यावरच बसले आणि उठलेच नाहीत. सकाळी चहा पिऊन गेलेला माणूस.

ह्या वेळी आठवडाभरासाठी आली ती अशी, की घरात आलंय कोण हेच कळेना. स्वयंपाकघराच्या दारात बसायची. विचारलं तेवढंच बोलायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बायकोला हळदी-कुंकवाचं बोलवायला आल्या, तर आक्का हातातला चहाचा पेला घेऊन तशीच आतल्या खोलीत गेली आणि काकू जाईपर्यंत बाहेर आली नाही. माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात माझी बहीण लपून बसते म्हणजे काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "वरडून काय हुणार हाय? त्यांना आणखीन लाज वाटंल." तिचंही खरं होतं. पण मला माझी जुनी आक्का परत पाहिजे होती. ती अशीच सावलीसारखी नंदगडला परत गेली असती, तर पुढं कायमची तशीच राहिली असती, ही भीती मला खात होती.

रविवारी दुपारी मी आणि मुलगी गेम खेळत बसलो. आक्का तिच्या जागी, दारात, लसूण सोलत. मी मुद्दाम बोलावलं नाही. बोलावलं असतं तर "न्हाय रं" म्हणाली असती आणि विषय संपला असता. दोन टप्पे पार झाले, गोकाक आलं. मुलगी माझ्यावर गेलेली, निघाली भराभर वर. मी मेलो. परत उठलो, परत मेलो. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा मागनं आवाज आला.

"अगं थांब की गं भवाने! त्यो खाली हाय न्हवं!"

लसणाची ताटली पालथी झालेली. दाजी गेल्यापासनं आक्काचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मुलगी हसायला लागली. "आत्ती, तू खेळतीस?" आक्कानं पदराला हात पुसले. "आण हिकडं," म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन मांडी घातली.

बोटं विसरत नाहीत. पहिल्या दोन वेळा मेली, तिसऱ्या वेळी तिचा गडी माझ्या पुढं. कुठल्या दगडामागनं कोण उडी मारणार, तोफ कधी उघडणार, सगळं तोंडपाठ. चढताना ती वरच्या फळीवर थांबायची, मी आलो की मगच पुढची उडी. खांद्याला खांदा लागत होता. तिच्या हातांना लसणाचा वास येत होता आणि मला तेवढ्यानंच भरून आलं.

"ह्यात एक बरं असतंय बघ," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "एवढी वर्सं झाली, त्यो मुडदा त्याच झाडामागनं येतोय. कोण कुठनं येणार ठावं असतंय. तुझ्या दाजींचं काय ठावं हुतं मला?"

तेवढ्यात तिचा गडी मेला आणि लुकलुकत परत उभा राहिला.

"आणि ह्याला मरायची लाज न्हाय," ती म्हणाली. "उठतंय आणि पळतंय."

एवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत द्यायला दारात. बायको माझ्याकडं बघायला लागली, मी आक्काकडं. आक्कानं मान वळवली नाही. "बसा हो काकू," म्हणाली. "एवढ्या राक्षसाचा मुडदा पाडते आणि च्या टाकते." काकू बसल्या. राक्षस काही मेला नाही, पण चहा झाला. मग तिघी बायका बोलत बसल्या आणि मुलीला तिचा मोबाईल आठवला.

आक्का निघाली त्या दिवशी काकूही निरोपाला आलेल्या. बायकोनं ताट बाहेर आणलं: तांदूळ, नारळ, खण, कुंकवाचा करंडा. घरातनं लेक निघाली की ओटी भरायची, हे तिच्या हातांना पाठ, आणि वन्संचं ताट तर ती लग्न झाल्यापासनं भरत आलेली. हॉलच्या मधोमध आली आणि थबकली. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, हे तिला तिथं आठवलं. ताट पुढं नेता येईना आणि मागंही नेता येईना. तिचा चेहरा पांढरा पडला. काकू जमिनीकडं बघायला लागल्या. मी बॅग उचलल्यासारखं केलं आणि खाली ठेवली.

आक्कानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग पदर पुढं घेतला, दोन्ही हातांनी पसरला.

"भर की गं," ती म्हणाली. "गाडी जाईल माझी."

बायकोनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. करंड्यापाशी ती परत थांबली. तेव्हा काकू पुढं आल्या, त्यांनी करंडा उघडला, आणि आक्कानं कपाळ पुढं केलं.