नवीन प्रॉडक्टची ऑर्डर

लॅबमधला रिॲक्टर आम्ही दर बॅचनंतर धुतो. किस्से कोण धुणार? ते साचतच जातात!

डोंबिवली एमआयडीसीतली आमची लॅब म्हणजे एक खोली, काचेचा एक रिॲक्टर आणि आम्ही तिघं: पाटणकर सर, मी आणि नवीन आलेली स्नेहल. काम एकच. दोन केमिकल एकत्र टाकायची, मधे मधे सॅम्पल काढायचं आणि रिॲक्शनचा वेग कशावर अवलंबून आहे ते शोधायचं. खोपटला घरी मी सोपं करून सांगितलं, "घाई कशाने होते ते बघतो आम्ही."

नवरा म्हणाला, "त्यासाठी डोंबिवलीला कशाला जातेस? सकाळी आपल्याच घरात बघ की!"

*

स्नेहल प्रोबेशनवर आलेली. ठाकुर्लीला ती आणि आई, दोघीच. आईच्या गुडघ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. इथे पर्मनंट झाली नाही तर जुन्या कंपनीत परत जावं लागणार होतं, थेट गुजरातेत, दहेजला. एकदा ती गॅलरीत फोनवर मला हेच सांगत होती आणि शेजारच्या काकूंनी अर्धंच ऐकलं, "पर्मनंट नाही केलं तर दहेज!"

काकू तरातरा आल्या. "अगं, कोण आहे हा मुलगा? दहेज मागतो म्हणजे काय! पोलिसात देऊ या मेल्याला!"

आम्ही पोट धरून हसलो. पण पोरगी मनातून घाबरलेली. आईला तशा पायांनी एकटं टाकून जायचं तिच्या अगदी जिवावर आलेलं.

*

त्यात आमचे मालक. माणूस मनाने चांगला, पण पक्का विक्रीतला. केमिस्ट्रीशी संबंध बिलापुरता! स्नेहलला केबिनमध्ये बोलावून एकच वाक्य बोलले, "नवीन प्रॉडक्टची ऑर्डर आण, त्या दिवशी पर्मनंट!"

ही नाचत बाहेर आली. "मॅडम, हे तर आपलंच काम!"

सरांनी चष्मा वर केला. "अहो, पण त्यांना नक्की कुठली ऑर्डर अपेक्षित आहे?"

"सर, तुम्ही ग्राफ बघा," मी म्हटलं. उगाच तिचा मूड कशाला घालवायचा?

*

आता आमच्याकडे ऑर्डर म्हणजे काय, ते सरांनी स्नेहलला पहिल्याच दिवशी पोळ्यांवरून समजावलेलं. केमिकलची नावं लांबलचक, म्हणून आम्ही नुसतं ए आणि बी म्हणतो.

"समजा, ए म्हणजे पोळ्या करणारा माणूस. एकाचे दोन केले की पोळ्या दुप्पट वेगाने होतात. म्हणून ए ची ऑर्डर एक. बी म्हणजे ओट्याशी नुसता उभा राहून सूचना देणारा. असे दोन उभे केले तरी वेग तेवढाच. बी ची ऑर्डर शून्य."

"सर, मग घरी तुम्ही बी का?"

"तीस वर्षं!" सर म्हणाले.

*

सॅम्पल काढलं की लगेच बर्फात ठेवायचं, नाहीतर बाटलीतसुद्धा रिॲक्शन चालूच राहते. ऐन मे महिन्यातली गोष्ट. आदल्या दिवसापर्यंत शहाण्यासारखा येणारा ग्राफ अचानक वाकडा! सर कोकम सरबताचा ग्लास घेऊन स्क्रीनसमोर उभे. सरबत त्यांनीच आम्हा सगळ्यांसाठी केलेलं, एकदम थंडगार.

"हा बिंदू इतका खाली का बरं आला असेल?"

स्नेहल बर्फाची रिकामी पिशवी घेऊन आली. "सर, त्याचा बर्फ तुमच्या ग्लासात आहे!"

*

मधेच तिला माजिवड्याचं एक स्थळ आलं. मुलाच्या आईने विचारलं, "काम काय करतेस?"

"रिॲक्शन किती वेगात होते ते मोजते."

मुलाच्या वडिलांनी बायकोकडे बघितलं. "मग आमच्या घरी तुझं मशीन कमी पडेल गं!"

स्थळ काही जमलं नाही. "पण मॅडम, सासरे एक नंबर होते!" असं ती अजून म्हणते.

*

आणि एका दुपारी ग्राफ सरळ आला. सरांनी पुन्हा करायला लावला. पुन्हा सरळ! ए दुप्पट केलं, वेग दुप्पट. बी दुप्पट केलं, वेग जागच्या जागी. सर म्हणाले, "काढलीत हो ऑर्डर!" आणि स्नेहल जी सुटली ती थेट मालकांच्या केबिनमध्ये. मागोमाग आम्ही दोघं. आत अख्खं मार्केटिंग डिपार्टमेंट बोलणी खात बसलेलं.

"साहेब, ऑर्डर आली!"

मालक उभेच राहिले. "नवीन प्रॉडक्टची?"

"हो साहेब! फर्स्ट ऑर्डर!"

"फर्स्ट ऑर्डर!" मालकांनी टेबलावर हात आपटला. "बघा रे, बघा! तुम्ही एसीत बसून राहिलात आणि लॅबमधल्या पोरीने ऑर्डर आणली! पेढे मागवा! आजपासून ही पर्मनंट!"

एचआरला तिथेच बोलावून सही केली. स्नेहल रडत रडत आईला फोनवर सांगत होती, "आई, कुठे जायचं नाही आता, कुठेच नाही!" माझेही डोळे भरून आले. इतक्यात सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यात पेढा कोंबला.

मालक खुशीत खुर्चीत बसले. "बरं, आली कोणाची ते तर सांग!"

स्नेहलने डोळे पुसले. "साहेब, ए ची एक. बी ची शून्य."

मालकांनी फोन उचलला.

"बी चा नंबर दे. त्याच्याशी मी बोलतो!"